कोळसा खाणींची हिवाळी पर्यावरणीय तपासणी

कोळशाच्या खाणीस परवाना देताना पाणी, हवा, जमीन व आसपासची वस्ती यांच्या रक्षणासाठी अटी घातलेल्या असतात. या अटींचे पालन थंडीच्या महिन्यांतही होत आहे की नाही, हे शासकीय निरीक्षकाने जागेवर जाऊन पाहणे व त्याची लेखी नोंद करणे, यास हिवाळी पर्यावरणीय तपासणी असे म्हणता येईल. खाणकामगारांच्या सुरक्षिततेसाठी होणाऱ्या तपासणीहून ही वेगळी आहे. तिचा मुख्य विषय खाणीच्या हद्दीतून बाहेर जाणारे पाणी, धूळ, कंप व गाळ आणि खाणकाम संपल्यावर जमीन पूर्ववत करण्याचे काम हा होय. ज्या प्रदेशांत हिवाळ्यात जमीन गोठते व बर्फाने झाकली जाते, तेथे या तपासणीस विशेष महत्त्व येते. पाहावयाच्या बहुतेक गोष्टी त्या काळात दृष्टीआड असतात व त्यांतील दोष बर्फ वितळू लागल्यावर एकदम प्रकट होतात. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पद्धतीचे वर्णन केले असून शेवटी भारतातील व्यवस्थेचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

पार्श्वभूमी : अशा तपासणीची गरज कोणत्या अनुभवातून पटली, हे वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या लोगन परगण्यातील बफेलो क्रीक येथील दुर्घटनेवरून स्पष्ट होते. कोळसा धुतल्यावर उरणारे काळे, गाळमिश्रित पाणी साठविण्यासाठी तेथील एका ओढ्यावर खाणीतील टाकाऊ खडक व कोळशाचा चुरा टाकून एकामागून एक असे बांध घातलेले होते. त्यांपैकी सर्वांत वरचा, तिसऱ्या क्रमांकाचा बांध जुन्या गाळावरच उभा होता आणि त्यास पुरेसा सांडवा नव्हता. फेब्रुवारी १९७२ मध्ये झालेल्या पावसाने तलावाची पातळी चढत गेली व २६ फेब्रुवारीच्या सकाळी हा बांध फुटला. सु. ५० कोटी लि. काळे पाणी अरुंद दरीतून खाली धावले. १२५ माणसे मृत्युमुखी पडली, अकराशेहून अधिक जखमी झाली व चार हजारांहून अधिक बेघर झाली. संघराज्य शासनाच्या खाण निरीक्षकाने या घटनेच्या अवघे चार दिवस आधी हा बांध समाधानकारक असल्याचा निर्वाळा दिला होता. तपासणी झाली नाही म्हणून नव्हे, तर झालेली तपासणी पाण्याची चढती पातळी, सांडव्याचा अभाव व बांधाचा पाया या प्रश्नांपर्यंत पोहोचली नाही म्हणून ही हानी घडली, हा या दुर्घटनेचा मुख्य धडा होय. त्यापूर्वी २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधील ॲबरफॅन या गावावर खाणीच्या टाकाऊ मालाचा ढिगारा कोसळून १४४ जणांचा बळी गेला होता आणि त्यांत ११६ मुले होती. अशा घटनांमुळे खाणीतून निघणारा टाकाऊ माल हा खाणमालकाचा खाजगी प्रश्न नसून सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न आहे, हे मत दृढ झाले.

कायद्याची चौकट : अमेरिकेत पृष्ठीय खाणकाम नियंत्रण व भूमिपुनःस्थापन अधिनियमावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ३ ऑगस्ट १९७७ रोजी स्वाक्षरी केली. उघड्या खाणींबरोबरच भूमिगत खाणींचे पृष्ठभागावरील परिणामही त्याच्या कक्षेत येतात. त्याच्या अंमलबजावणीसाठी संघराज्य शासनाच्या अंतर्गत खात्याच्या अखत्यारीत एक कार्यालय स्थापन झाले. तथापि ज्या राज्यांनी तितकेच कडक नियम स्वीकारले, त्यांच्याकडे प्रत्यक्ष अंमलबजावणी सोपविली गेली.

या अधिनियमानुसार प्रत्येक चालू खाणीची सरासरीने दर महिन्यास किमान एक आंशिक व दर तिमाहीस किमान एक पूर्ण तपासणी व्हावी लागते. पूर्ण तपासणीत परवान्याच्या सर्व अटी पाहतात, तर आंशिक तपासणीत त्यांपैकी काही पाहतात. आंशिक तपासणी विमानातून केली तरी चालते. तपासणीच्या तारखा ठराविक नसाव्यात, खाणचालकास पूर्वसूचना देऊ नये आणि नियम अंमलात आणण्यास पुरेसा ठरेल असा अहवाल दरवेळी दाखल व्हावा, अशी तरतूद आहे. तपासणीचे काम करणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्यांचा कोळसा खाणीत आर्थिक हितसंबंध असता कामा नये. तिमाहीचा हिशेब कॅलेंडर वर्षाप्रमाणे होत असल्यामुळे जानेवारी ते मार्च या काळातील पूर्ण तपासणी टाळता येत नाही. बर्फ पडले आहे म्हणून खाणचालकाची जबाबदारी स्थगित होत नाही, तशीच निरीक्षकाचीही होत नाही.

हिवाळ्यातील विशेष परिस्थिती : उघड्या खाणीत कोळशावरील माती व खडक यांचे थर (ओव्हरबर्डन) काढून त्यांचे ढिगारे रचतात. या ढिगाऱ्यांवरून व उघड्या पडलेल्या जमिनीवरून वाहणारे पाणी चरांतून गाळतळ्यांत नेतात आणि गाळ खाली बसल्यावर ते ओढ्यात सोडतात. हिवाळ्यात या व्यवस्थेतील प्रत्येक दुव्यावर परिणाम होतो. चर व रस्त्याखालील मोऱ्या बर्फाने बुजतात, तर तळ्यांचे निर्गम नळ गोठतात. तळ्यावर साचणाऱ्या बर्फाच्या थरामुळे गाळ बसण्यास उपलब्ध असलेली जागाही कमी होते. एक हेक्टर पृष्ठभागाच्या तळ्यावर ५० सेंमी. जाडीचा थर असेल, तर सु. ५,००० घ. मी. जागा बर्फाने व्यापलेली असते.

दुसरा प्रश्न साठलेल्या पाण्याचा आहे. ताज्या भुसभुशीत हिमाच्या दहा सेंमी. थरातून ढोबळमानाने एक सेंमी. पाणी मिळते. हिवाळाभर दबत गेलेल्या हिमात मात्र पाण्याचे प्रमाण एकतृतीयांशाच्या आसपास जाऊ शकते. शंभर हेक्टर क्षेत्रावर असे ६० सेंमी. हिम असून त्यात ३० टक्के पाणी असेल, तर ते १८ कोटी लि. पाण्याइतके होते. खालची जमीन गोठलेली असल्यास हे पाणी मुरत नाही. उबदार वारे सुटले किंवा हिमावर पाऊस पडला, तर ते थोड्या दिवसांत आणि काही वेळा थोड्या तासांत गाळतळ्यांकडे धावते. म्हणून हिवाळ्यात रिकामे व शांत दिसणारे तळे वसंतात पुरेसे ठरेल, असे गृहीत धरता येत नाही.

तिसरी अडचण बांधकामाची. गोठलेल्या मातीचे ढेकूळ रोलरने नीट दबत नाहीत आणि त्यांच्यामधील बर्फ पुढे वितळून पोकळ्या पडतात. अशा मातीने हिवाळ्यात उभारलेला भराव वसंतात खचतो वा भेगाळतो. त्यामुळे थंडीत चाललेल्या भरावाच्या कामाकडे निरीक्षकास बारकाईने लक्ष द्यावे लागते.

तपासणीची पद्धत : निरीक्षक प्रथम कार्यालयात परवान्याचे नकाशे, आधीचे अहवाल, पाण्याच्या चाचण्यांचे आकडे आणि पूर्वीच्या नियमभंगांची स्थिती पाहतो. बर्फाखाली झाकलेले चर, सीमादर्शक खुंट व सुपीक मातीचे साठे जागेवर दिसत नसल्याने शरद ऋतूतील नकाशे व छायाचित्रे हिवाळ्यात विशेष उपयोगी पडतात. दिवस लहान असल्याने वेळेचेही नियोजन करावे लागते. अलास्कातील हीली या गावाजवळ युसिबेली ही १९४३ मध्ये सुरू झालेली खाण आहे. तेथे डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य क्षितिजावर जेमतेम चार-पाच तास असतो.

जागेवर पोहोचल्यावर साधारणतः पुढील गोष्टी तपासतात :

(१) बांध व तळी. पाण्याची वा बर्फाची पातळी, सांडवा मोकळा आहे की नाही, बांधाच्या पायथ्याशी पाझर, भेगा व घसरण यांची चिन्हे ही पाहणीची प्रमुख अंगे होत. मोठ्या बांधांची पाहणी खाणचालकाने नेमलेल्या जाणकार व्यक्तीने सर्वसाधारणपणे दर सात दिवसांनी करावयाची असते. तिच्या नोंदवहीतील हिवाळ्याच्या आठवड्यांच्या नोंदी खरोखर पाहणी करून लिहिल्या आहेत की आधीच्या नोंदीची नक्कल आहेत, हे निरीक्षक पडताळतो. कडाक्याच्या थंडीत पातळी मोजण्याची पट्टी बर्फाखाली असताना पातळीचा आकडा दर आठवड्यास तोच आढळला, तर संशयास जागा असते.

(२) बाहेर जाणारे पाणी. पायराइटयुक्त खडकाचा हवा व पाणी यांच्याशी संपर्क आल्यावर अम्ल तयार होते. थंडीत ही विक्रिया मंदावते, पण थांबत नाही. भूजलाचे तापमान वर्षभर फारसे बदलत नसल्याने जुन्या खाणींतून येणारे अम्लीय पाणी कडक हिवाळ्यातही वाहत राहते. निरीक्षक बर्फाला भोक पाडून किंवा निर्गमाच्या मुखाशी नमुना घेतो. नमुन्याची बाटली गोठू न देणे आणि थंडीत मंद चालणारा पीएच-मापक स्थिर होईपर्यंत थांबणे आवश्यक असते. सोडलेल्या पाण्याचा पीएच सर्वसाधारणपणे ६ ते ९ यांदरम्यान असावा लागतो. चालू खाणीच्या पाण्यात तरंगणाऱ्या घन कणांचे प्रमाण एका दिवशी लिटरमागे ७० मिग्रॅ. व तीस दिवसांच्या सरासरीने ३५ मिग्रॅ. याहून अधिक असू नये, अशी सामान्य मर्यादा आहे. दहा वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या चोवीस तासांच्या पावसापर्यंतच्या वृष्टीच्या वेळी काही प्रकारच्या पाण्यास वेगळी, सैल मर्यादा लागू होते आणि तितक्याच आकारमानाचे हिमजलही त्यात धरतात. या सवलतीस आपण पात्र आहोत, हे सिद्ध करण्याचा भार खाणचालकावर असतो.

(३) रस्ते व हिमाची विल्हेवाट. कोळसा वाहून नेण्याच्या रस्त्यांवरून लोटलेल्या हिमात कोळशाचा चुरा, माती व तेल मिसळलेले असते. ते गाळतळ्यांच्या पाणलोटाबाहेर टाकले, तर वितळल्यावर ही घाण थेट ओढ्यात जाते. म्हणून हिमाचे ढीग कोठे घातले आहेत, हे पाहणे हा हिवाळी तपासणीचा खास भाग आहे. हिम खरवडताना बाजूला राखलेली सुपीक माती त्याबरोबर निघून जात नाही ना, हेही पाहतात.

(४) इंधन व तेल यांचे साठे. टाकी फुटल्यास तेल अडावे म्हणून तिच्याभोवती कठडा बांधलेला असतो. त्यात हिम व बर्फ भरून राहिल्यास तेल मावण्यास जागा उरत नाही आणि कठडा असूनही निरुपयोगी ठरतो.

(५) सुरुंग. विशेष परवानगी नसल्यास सुरुंग सूर्योदय ते सूर्यास्त या काळातच उडवावयाचे असतात. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड व वरची उबदार असा उलटा क्रम अनेकदा निर्माण होतो. त्या वेळी स्फोटाचा हवेतील दाब वर विरून न जाता वळून पुन्हा जमिनीकडे येतो व दूरच्या घरांनाही हादरे जाणवतात. त्यामुळे स्फोटांच्या नोंदीत वेळ व हवामान यांची माहिती नीट भरली आहे की नाही, हे तपासतात.

(६) पुनःस्थापित जमीन. खाणकाम संपलेल्या भागास शक्यतो मूळचा उंचसखलपणा देऊन त्यावर सुपीक माती पसरतात व बी पेरतात. वार्षिक पर्जन्यमान सु. ६६ सेंमी. पेक्षा अधिक असेल तेथे पाच वर्षे आणि त्याहून कमी असेल तेथे दहा वर्षे या वनस्पतींची जबाबदारी खाणचालकावर राहते. त्यासाठी त्याने भरलेली हमीची रक्कम तोवर पूर्णपणे परत मिळत नाही. बर्फाखाली गवताची वाढ मोजता येत नाही, म्हणून हमी मुक्त करण्याचा निर्णय केवळ हिवाळी पाहणीवरून घेणे उचित ठरत नाही.

बर्फातील खुणा : बर्फ जसे झाकते तसे उघडही करते. पांढऱ्या पृष्ठभागावर पसरलेला काळा थर पाहून कोळशाची धूळ कोणत्या दिशेस व किती दूर जाते, हे कळते. एरवी ते इतके स्पष्ट दिसत नाही. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी नारिंगी छटेचा बर्फ आढळल्यास लोहयुक्त पाण्याचा पाझर असल्याची शंका घेतात. सभोवती हिम असताना ढिगाऱ्यावरील एखादीच जागा कोरडी व वाफाळलेली असेल, तर आत कोळसा धुमसत असण्याचा संभव असतो. परवान्याच्या हद्दीबाहेर गेलेल्या यंत्रांच्या चाकोऱ्याही हिमात लपत नाहीत. अनुभवी निरीक्षक नवीन हिमवृष्टीनंतर काही दिवसांनी होणाऱ्या पाहणीस याच कारणासाठी महत्त्व देतो.

अहवाल व कारवाई : नियमभंग आढळल्यास निरीक्षक नोटीस देतो व दुरुस्तीची मुदत ठरवितो. ही मुदत सामान्यतः ९० दिवसांहून अधिक नसते. हवामानामुळे त्या मुदतीत दुरुस्ती अशक्य असेल किंवा तशा हवामानात केलेल्या दुरुस्तीने लाभापेक्षा हानीच अधिक होणार असेल, तर ती वाढविण्याची तरतूद संघराज्याच्या नियमांत आहे. उदा., गोठलेल्या उतारावर यंत्रे नेऊन घळी बुजविण्यापेक्षा वसंतापर्यंत थांबणे व तोवर खाली गवताच्या पेंढ्या लावून गाळ अडविणे श्रेयस्कर ठरू शकते. मात्र लोकांच्या आरोग्यास वा सुरक्षिततेस निकटचा धोका असेल किंवा पर्यावरणाची गंभीर हानी होत असेल, तर काम ताबडतोब थांबविण्याचा आदेश द्यावाच लागतो. तेथे ऋतूची सबब चालत नाही. दंडाची कमाल रक्कम अधिनियमात मुळात दर नियमभंगास ५,००० डॉलर इतकी होती, ती पुढे महागाईच्या मानाने वाढविण्यात आली.

तपासणीचे अहवाल खाणीच्या परिसरातील जनतेस पाहता येतात. एखाद्या रहिवाशाने लेखी तक्रार केल्यावरून संघराज्याची तपासणी झाली, तर तक्रारदारास निरीक्षकाबरोबर खाणीत जाण्याचा हक्क आहे. ओढ्याकाठी राहणारा मनुष्य पाण्याचा रंग रोज पाहतो, तर निरीक्षक महिन्यातून एकदा पाहतो. म्हणून ही तरतूद हिवाळी तपासणीस विशेष पूरक ठरते.

मर्यादा : हिवाळी तपासणीची सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे न दिसलेल्या गोष्टींविषयी मौन. छापील नमुन्यातील रकान्यासमोर नियमभंग नाही अशी खूण केली, तर वाचणारा ती वस्तू पाहिली व ठीक आढळली असे समजतो. वस्तुतः ती बर्फाखाली असल्याने पाहिलीच गेली नसेल, तर हे दोन्ही अर्थ एकमेकांपासून फार दूर आहेत. यासाठी चांगल्या अहवालात पाहिलेल्या, न पाहता आलेल्या व वितळण्याच्या काळात पुन्हा पाहावयाच्या गोष्टी वेगवेगळ्या लिहितात आणि पुढील भेटीत त्याच यादीपासून सुरुवात करतात. उपग्रहांची चित्रे व चालकरहित लघुविमाने यांचा उपयोग वाढला असला, तरी बांधाच्या पायथ्याचा पाझर व निर्गमाचे पाणी यांची खात्री जवळ जाऊनच करावी लागते.

भारतातील स्थिती : भारतातील बहुतेक कोळसा क्षेत्रांत जमीन गोठत नाही. येथे गाळाचा व पुराचा मुख्य धोका पावसाळ्यात असतो, तर हिवाळ्यात प्रश्न हवेचा असतो. थंड, निवांत रात्री तापमानाचा उलटा क्रम निर्माण होऊन धूळ व धूर जमिनीलगत कोंडून राहतात. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर या जिल्ह्यांत कोळशाच्या खाणी आहेत. त्यांपैकी अनेक नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीच्या आहेत. वणी व चंद्रपूर या भागांत थंडीच्या दिवसांत कापूस वेचणीस आलेला असतो. हिमावर दिसावी तशी कोळशाची धूळ त्या पांढऱ्या बोंडांवरही चटकन नजरेस येते. हिवाळी पाहणीत येथे रस्त्यांवरील पाण्याची फवारणी, ट्रकांवरील ताडपत्री, कोळशाच्या साठ्यांतील धुमसती आग आणि हवा मोजणाऱ्या यंत्रांची जागा या बाबी महत्त्वाच्या ठरतात. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार हवेतील १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे चोवीस तासांचे प्रमाण घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम व २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे ६० मायक्रोग्रॅम याहून अधिक असू नये. कोळसा खाणींसाठी २००० मध्ये स्वतंत्र मानकेही अधिसूचित झाली.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाने अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल १ जून व १ डिसेंबर या तारखांना सादर करावयाचा असतो. कोळसा खाणींच्या मंजुरीपत्रांत भूजलाची पातळी व गुणवत्ता वर्षातून चार वेळा, म्हणजे मे, ऑगस्ट, नोव्हेंबर व जानेवारी या महिन्यांत मोजण्याची अट सामान्यतः आढळते. यांपैकी जानेवारीचे मापन हिवाळी स्थितीचे निदर्शक असते. खाणीतून सतत पाणी उपसले जात असल्यास भोवतालच्या विहिरींची पातळी पावसाळ्यानंतर किती लवकर उतरते, हे नोव्हेंबर व जानेवारी यांच्या आकड्यांची तुलना केल्यावर कळते. डिसेंबरचा अहवाल कंपनीने स्वतः लिहिलेला असतो. त्यातील विधाने खाणीच्या कडेच्या गावातील विहीर, रस्ता व शेत यांच्याशी ताडून पाहणे हे निरीक्षकाचे काम असून त्यासाठी हिवाळ्यातील प्रत्यक्ष भेटीस पर्याय नाही.